सासूबाईंचा छज्जा

लॅरिमोर गावात माणूस मेला की तो गोड होतो, आणि वस्तू पन्नास वर्षांची झाली की ऐतिहासिक होते. यातली पहिली गोष्ट हॉलिस प्रुइटला लहानपणापासून ठाऊक होती. दुसरी त्याला वयाच्या पंचाहत्तरीत, नगरपालिकेच्या खिडकीपाशी हातात टोपी धरून उभा असताना कळली, आणि ती कळल्यावर त्याला बसायला खुर्ची द्यावी लागली.

काम अगदी साधं होतं. त्याच्या घराच्या पुढच्या ओसरीवर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा एक छज्जा होता, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. तो काढायचा होता. एक शिडी, एक पाना आणि एक शनिवार. हॉलिसने जन्मभर नळाच्या सामानाचं दुकान चालवलं होतं, त्यामुळे बोल्टला तो घाबरत नव्हता. तो घाबरायचा तो बायकांच्या समित्यांना, पण छज्जा काढण्याशी समितीचा काही संबंध असेल असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

हा छज्जा म्हणजे हॉलिसच्या आईने, मिस ऑर्फाने, लग्नात दिलेली भेट. नव्या जोडप्याने जुनं लाकडी घर घेतलं होतं. दारावर रंगीत काचेची अर्धगोल कमान होती. सकाळी त्या काचेतून आत जो उजेड पडायचा तो पाहून इमोजीनने, म्हणजे हॉलिसच्या बायकोने, हे घर पसंत केलं होतं. आठवड्याभरात मिस ऑर्फा कारागीर घेऊन आली. "उन्हाने तुमच्या सोफ्याचा रंग उडेल," असं म्हणून तिने सगळी ओसरी पत्र्याने झाकून टाकली. कमान झाकली गेली, उजेड गेला. सोफ्याचा रंग मात्र उडाला नाही. तो पुढे बारा-पंधरा वर्षांनी उंदरांनी खाल्ला तेव्हाही रंगाला पक्का होता.

दर रविवारी चर्च सुटलं की मिस ऑर्फा त्या छज्ज्याखाली खुर्ची टाकून बसे, वर बघे आणि म्हणे, "यापेक्षा शहाणपणाची भेट मी जन्मात कुणाला दिली नाही." इमोजीन आत बटाट्याचं सॅलड ढवळत असे. ती ते किती जोराने ढवळते यावरून हॉलिसला तिचं मत कळे.

आईने दिलेली वस्तू आई जिवंत असेपर्यंत काढायची लॅरिमोरात पद्धत नाही. पद्धत चांगलीच आहे. अडचण एवढीच झाली की मिस ऑर्फा सत्त्याण्णव वर्षं जगली.

तिला पोचवून परत येताना गाडीत इमोजीनने काळे हातमोजे काढले, पर्समध्ये ठेवले आणि समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाली, "सोमवारी, हॉलिस."

"अगं, सोमवारी कसं? लोक अजून आपापली भांडी न्यायला यायची आहेत."

"मग भांडी गेली की."

गावात कुणी गेलं की शेजारपाजारच्या बायका भाजलेली कोंबडी, मक्याची खीर, भरली अंडी असलं काहीबाही घेऊन येतात. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर आपलं नाव लिहिलेलं असतं, म्हणजे दुःखाच्या गडबडीत भांडं दुसरीकडे जायला नको. ती भांडी परत जाईपर्यंत इमोजीनच्या पोटात दुखायला लागलं. मग दवाखाने, मग मोठे दवाखाने. आणि पानगळ सुरू झाली तेव्हा तीच भांडी, बुडाला तीच नावं, पुन्हा हॉलिसच्या घरी आली. या वेळी इमोजीनसाठी.

त्या दिवसांत जो तो हॉलिसचा हात धरून एकच वाक्य म्हणत होता, "किती गोड होती हो आपली इमोजीन!" हॉलिस मान हलवत होता आणि मनातून चक्रावत होता. इमोजीन खरी होती, हुशार होती, अडल्यानडल्याला धावणारी होती. पण गोड? तिला कुणी गोड म्हटलं असतं तर हे कुणाला म्हणतायत म्हणून तिने मागे वळून पाहिलं असतं. हॉलिसला वाटायला लागलं की हे लोक भलत्याच कुठल्या बाईला पुरतायत, आणि आपली बाई कुठेतरी हरवलीय. ती बाई शोधायची कशी हे त्याला कळत नव्हतं. एक गोष्ट मात्र पक्की ठाऊक होती. तो छज्जा तिला नको होता.

म्हणून नाताळ उलटल्यावर त्याने शिडी काढली.

शिडी भिंतीला टेकायच्या आत कुंपणापलीकडून बर्डी मॅकस्वेन आली. बर्डी म्हणजे बाग-मंडळाची अध्यक्षा आणि शेजारीण. तिच्या हातात लोण्याचा केक होता. तिच्या हातात काही ना काही असतंच, रिकाम्या हाताने चौकशी करणं तिच्या संस्कारात बसत नाही.

"अरे हॉलिस, रिकाम्या पोटी शिडीवर चढू नये माणसाने. आणि काय रे, परवानगी काढलीस का?"

"काढायला कसली परवानगी, बर्डी? लावताना लागते."

तेवढ्यात समोरचा जेबी क्लेग रस्ता ओलांडून आला. जेबी विमा कंपनीतून निवृत्त झाला होता, आणि जगात कुठल्याही गोष्टीने काय काय नुकसान होऊ शकतं हे त्याला तोंडपाठ होतं.

"विचारलंस तर नकार, नाही विचारलंस तर दंड," जेबी म्हणाला. "मी असतो तर बोल्ट थोडे सैल करून ठेवले असते आणि वसंतातल्या वादळाची वाट बघितली असती. देवाने केलं की समिती काही बोलत नाही."

"काहीतरीच काय सांगतोस त्याला!" बर्डी म्हणाली. "हॉलिस, तू सरळ जा आणि विचार. अरे, ते हार घालतील तुझ्या गळ्यात."

आणि हॉलिसलाही तसंच वाटत होतं. लॅरिमोर हे जुन्या घरांचं गाव. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेचं सैन्य इथवर आलं आणि घरं न जाळता पुढे गेलं, यावर सगळं गाव आजवर जगत आलंय. का जाळलं नाही याचं कारण मात्र प्रत्येक घरी वेगळं. बहुतेक घरांत कुणाच्या तरी पणजीने सेनापतीला दारात येऊन ताक दिलं होतं. तेवढं सगळं ताक तो खरंच प्यायला असता तर त्याला घोड्यावर बसताच आलं नसतं. ही घरं ज्या गुलामांनी बांधली त्यांची नावं मात्र एकाही पणजीला आठवत नाहीत. असो. तर अशा गावात वारसा समिती कुणालाही खिडकीला साधी जाळी बसवू देत नाही. आणि हॉलिसच्या पत्र्याचा तर समितीला इतका तिटकारा की तिच्या अध्यक्षा मिसेस लेनोरा फिट्झह्यू या छज्जा दिसू नये म्हणून वर्षानुवर्षं पलीकडच्या पदपथावरून चालत. वसंतात गावातली घरं बघायला बाहेरगावचे लोक येतात, त्या घरांच्या यादीत हॉलिसचं घर याच पत्र्यामुळे कधी आलं नव्हतं. आता तोच पत्रा मालक स्वतःहून काढतोय म्हटल्यावर हार नाही तर निदान चहा तरी मिळायला हरकत नव्हती.

खिडकीपाशी मिस प्रॅथर नावाची नवी अधिकारी होती. तरुण, उत्साही, वारसा या विषयात पदवी घेतलेली. हॉलिसने पत्ता सांगताच ती उठून उभी राहिली.

"पट्ट्यापट्ट्यांचा छज्जा? तो तुमचा? अहो, मी त्याचे फोटो काढून नेलेत!"

"तो काढायचाय मला."

मिस प्रॅथरचा चेहरा असा झाला, जसं हॉलिस चर्चचा कळस काढायला निघालाय. "काढायचाय? मिस्टर प्रुइट, त्याला पन्नास वर्षं होऊन गेलीत. गावातला तो शेवटचा आहे."

"बाकीचे कुठे गेले?"

"आमच्या समितीने काढायला लावले."

"का?"

"ते इतिहासाला शोभत नव्हते."

"आणि माझा?"

"तुमचा," मिस प्रॅथर मायेने म्हणाली, "आता इतिहास आहे."

इथे ती खुर्ची द्यावी लागली.

सुनावणी महिन्याअखेरीस होती. हॉलिस नीळ घातलेला शर्ट आणि लग्नाकार्याचा कोट घालून गेला. आरशासमोर त्याने वाक्य पाठ केलं होतं, 'माझ्या बायकोला हा छज्जा आवडत नव्हता, म्हणून तो काढायचा आहे.' सरळ वाक्य, एका दमात होणारं.

पण सभागृहात गेला आणि पाहतो तर मागच्या दोन रांगांत त्याच्या आईच्या बायबल वर्गातल्या म्हाताऱ्या बसलेल्या. आणि समोर मिसेस फिट्झह्यू, गळ्यात मोत्यांची माळ, हसऱ्या.

"हॉलिस, हा छज्जा मिस ऑर्फाने दिलेला ना?"

"हो बाई."

"किती मायाळू होती नाही मिस ऑर्फा?"

आता यावर दक्षिणेत वाढलेला माणूस काय म्हणणार? चारचौघांत, आईच्या मैत्रिणींदेखत? "हो बाई," हॉलिस म्हणाला.

"आणि इतक्या वर्षांत एकदा तरी गळला का?"

"नाही बाई. गळला नाही कधी." नळाच्या धंद्यातला माणूस गळण्याबाबत खोटं बोलू शकत नाही.

"म्हणजे चांगलाच म्हणायचा."

"पत्रा चांगला आहे, बाई. पण इमोजीनला—"

"आपली गोड इमोजीन!" मिसेस फिट्झह्यू म्हणाल्या आणि छातीवर हात ठेवला. मागच्या दोन्ही रांगांनी एकदम सुस्कारा सोडला. पर्सा उघडल्या, रुमाल निघाले. लॅरिमोरात बायकांनी डोळ्याला रुमाल लावला की पुरुषाने बोलायचं थांबवून खाली बसायचं असतं. हॉलिस खाली बसला. बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण उभे कशासाठी राहिलो होतो ते राहूनच गेलं.

निकाल एकमताने लागला. छज्जा वारसा म्हणून जपावा. आणि पुढचं वाक्य मिस प्रॅथरने मोठ्याने वाचलं तेव्हा हॉलिसची कानशिलं गरम झाली. 'खुद्द घरमालकांनी छज्ज्याच्या बाजूने अत्यंत हृद्य असं निवेदन केलं.'

"मी?" हॉलिस शेजारी बसलेल्या जेबीला म्हणाला.

"मी ऐकलं ना," जेबी म्हणाला. "मलासुद्धा भरून आलं."

त्या रात्री हॉलिसने इमोजीनच्या उशीकडे पाठ करून झोपायचा प्रयत्न केला. सकाळी उठून त्याने जेबीचा सल्ला मानला आणि सगळे बोल्ट थोडे थोडे सैल केले. मार्चमध्ये वादळ आलं आणि चांगलं दणक्यात आलं. त्याने चर्चचा फलक नेला, बर्डीच्या बागेतलं पाखरांचं पाण्याचं भांडं नेलं आणि जेबीचं नवंकोरं छप्पर अर्धं उचलून पलीकडच्या गल्लीत टाकलं. छज्जा जागचा हलला नाही. दुसऱ्या दिवशी मिस प्रॅथर येऊन त्याचे पुन्हा फोटो काढून गेली. जेबी अंगणात उभा राहून आपल्या उघड्या माळ्याकडे बघत होता. देवाने केलं तर समिती काही बोलत नाही हे खरं, पण देव कुठे कुणाचा सल्ला ऐकतो!

यानंतर समितीचं पत्र आलं. वारसा जपायचा तर तो नीट दिसला पाहिजे. पट्ट्यांना मूळचाच हिरवा रंग द्यावा, आणि दाराच्या वरच्या बाजूला पत्र्याला जो पोचा आलाय तो ठोकून सरळ करावा.

रंगाचं हॉलिसला काही वाटलं नाही. पण पोचा म्हटल्यावर तो जेवणावरून उठला.

तो पोचा इमोजीनचा होता. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी एका रविवारी मिस ऑर्फा जेवून, वर बघून, ते नेहमीचं वाक्य म्हणून घरी गेली. गाडी वळणापलीकडे गेल्याची खात्री करून घेतली, आणि इमोजीनने झाडू उलटा धरून खालून वर असा एक दणका हाणला की शेजारचं कुत्रं पुढे दोन दिवस या घरावरून गेलं नाही. मग तिने झाडू जागेवर ठेवला, केस नीट केले आणि विचारलं, "हॉलिस, अजून थोडं सॅलड घेणार?"

आता त्या सबंध पत्र्यात इमोजीनचं असं तेवढंच होतं.

पोचा बघायला मिस प्रॅथर आली, आणि नुकसानीचे जाणकार म्हणून बरोबर जेबीला घेऊन आली. जेबीने चष्मा लावला, शिडीवर चढला आणि बराच वेळ बोटाने चाचपून म्हणाला, "गार."

"जेबी," हॉलिस म्हणाला, "गार खालून वर पडते का?"

"त्या वर्षीची गारपीट फार मोठी होती," जेबी म्हणाला. चाळीस वर्षं विम्यात काढलेला माणूस एकदा दिलेलं कारण बदलत नाही.

हॉलिस त्याच्याशी वाद घालणार होता, पण त्याच्या डोक्यात एकदम उजेड पडला. असा उजेड त्याच्या डोक्यात वारंवार पडत नसे, म्हणून त्याने तो विझायच्या आत बोलून टाकलं.

"मिस प्रॅथर, पन्नास वर्षांवर काही असलं की ते ऐतिहासिक, बरोबर?"

"बरोबर."

"या पोच्याला पन्नास वर्षं होऊन गेली."

मिस प्रॅथरने आधी नियमांचं पुस्तक उघडलं. मग पोच्याकडे पाहिलं. मग जेबीकडे पाहिलं. जेबी म्हणाला, "गार तशी जुनीच आहे." पदवीच्या अभ्यासात हे कुठे आलं नसावं, पण पोरगी नियमाला पक्की होती. पोचा वाचला. इतकंच नव्हे, तर रंगाऱ्याने त्याला धक्का लावू नये म्हणून भोवती दोरी बांधण्यात आली.

हॉलिसने त्या दिवशी कित्येक महिन्यांनी पोटभर जेवण केलं. त्याला वाटलं, संपलं एकदाचं. पण एवढा जपलेला वारसा दाखवायचा नाही तर जपायचा कशाला? एप्रिलमध्ये यादी निघाली आणि तीत हॉलिसचं घर होतं.

वसंताच्या त्या दोन दिवसांत लॅरिमोरमधल्या बायका पणजीच्या काळचे घेरदार झगे घालून पाहुण्यांना घरं दाखवतात. झग्याच्या आत पोलादी कड्यांचा पिंजरा असतो. हॉलिसच्या घरी बर्डीची नेमणूक झाली. तिचा घेर ओसरीच्या दोन खांबांतून जाईना, तेव्हा तिला आडवी करून आत घ्यावी लागली. हॉलिसला खुर्चीत बसवलं, हातात गार चहाचा पेला दिला.

"तू काही बोलायचं नाहीस," बर्डी म्हणाली. "नुसतं गोड हसायचं. मालक बसलेला असला की घर जिवंत वाटतं."

पहिला घोळका आला. बर्डीने पंखा उघडला. "या छज्ज्याखाली सासू आणि सून शेजारी शेजारी बसून शेंगा सोलत असत."

हॉलिस हादरला. त्या दोघी एका खोलीत शेंगा सोलत बसल्याचं त्याला आठवत नव्हतं. पण शेजारीण होती, घेरात अडकलेली होती, त्यात ऊन होतं. तो हसला.

दुसऱ्या घोळक्यात शेंगा सोलता सोलता त्या दोघी भजनं म्हणायला लागल्या. जेवणानंतरच्या घोळक्याला कळलं की इमोजीन या छज्ज्याला आपला स्वर्ग म्हणत असे. तरी हॉलिस हसतच राहिला. आईने शिकवलेलं वळण एका दिवसात जात नाही.

चौथ्या घोळक्यापुढे बर्डीने पंखा मिटला. आवाज उतरवला. "आणि शेवटच्या आजारात," ती म्हणाली, "आमच्या गोड इमोजीनची एकच इच्छा होती. तिला उचलून इथे, सासूबाईंच्या छज्ज्याखाली, आणून बसवावं."

गर्दीतल्या एका बाईने रुमाल काढला. आणि हॉलिस, ज्याने जन्मात रुमालापुढे तोंड उघडलं नव्हतं, तो उभा राहिला.

"नाही," तो म्हणाला.

बर्डीला वाटलं त्याला चहा हवाय. "काय रे?"

"असं काही झालं नाही, बर्डी. मी तिथे होतो. शेवटच्या आजारात तिने मला पलंग मागच्या खोलीत हलवायला लावला. पुढच्या खिडकीतून हा छज्जा दिसायचा म्हणून." त्याने पेला खुर्चीवर ठेवला. "तिला हा पत्रा डोळ्यांपुढे नको होता. पाऊस आला की म्हणायची, तव्याखाली नांदतेय मी. आणि ती गारही नाही. तो झाडूचा दांडा आहे. माझी आई गाडीतून वळणापलीकडे गेली आणि माझ्या बायकोने खालून हाणला. आणि ती गोड नव्हती. तिला गोड म्हटलेलं आवडलं नसतं. इमोजीन प्रुइट होती ती."

बर्डीच्या बागेतला माळी काम थांबवून बघायला लागला. बर्डी धक्क्याने मटकन खाली बसली. घेरदार झगा घालून बसताना मागची कडी आधी उचलावी लागते, नाहीतर पुढची बाजू वर उडते. बर्डीला हे गावात सर्वांपेक्षा चांगलं ठाऊक होतं, पण धक्का तो धक्काच. पुढचा घेर तिच्या डोक्यावरून गेला आणि पाहुण्यांना पणजीच्या काळाखाली गुडघ्यापर्यंतची चड्डी आणि पांढरे कॅनव्हासचे बूट दिसले.

"मग तुम्ही तो काढत का नाही?" मिनेसोटाहून आलेल्या एका बाईने विचारलं.

"परवानगी नाही," हॉलिस म्हणाला.

ती बाई हसायला लागली. तिच्या शेजारची हसायला लागली. मग पोचा नक्की कुठे आहे ते दाखवा म्हणून सगळ्यांनी धोशा लावला. हॉलिसने दाखवला. झाडू कसा धरला होता तेही दाखवलं. बायकांनी एकेक करून त्या पोच्याखाली उभं राहून वर पाहिलं. काहीजणी तर जरा जास्तच वेळ.

दुसऱ्या दिवशी गावातली मोठमोठी खांबांची घरं ओस पडली आणि हॉलिसच्या दारातली रांग चर्चच्या वळणापर्यंत गेली. रांगेतल्या प्रत्येक बाईला सासू होती, किंवा ती स्वतःच कुणाची तरी सासू होती. पण गावातलं कुणी हॉलिसशी बोललं नाही. बर्डी कुंपणाकडे फिरकली नाही. आईच्या बायबल वर्गातल्या म्हाताऱ्यांनी रविवारी त्याच्या पुढचा बाक मोकळा सोडला. मेलेल्या आईबद्दल, मेलेल्या बायकोबद्दल, परक्या माणसांपुढे, खरं! गाव एवढं हादरलं होतं की कुणी केकसुद्धा आणला नाही.

सोमवारी दुपारी मिसेस फिट्झह्यू आल्या. या वेळी पलीकडच्या पदपथावरून नाही, सरळ फाटकातून. हॉलिस उठून उभा राहिला आणि टोपी काढली. दंड होणार, की आणखी काही, हे त्याला ठाऊक नव्हतं. पण आपण बोललो ते परत घ्यायचं नाही, हे त्याने दोन दिवसांत पक्कं केलं होतं.

"समिती बसली होती," मिसेस फिट्झह्यू म्हणाल्या. त्यांनी खुर्चीच्या कडेवर, पाठ न टेकता, बैठक घेतली. "छज्जा आता निघणार नाही, हॉलिस. कधीच नाही. पुढच्या वर्षीची तिकिटं लोक आत्ताच मागतायत."

हॉलिसने वर पत्र्याकडे पाहिलं. म्हणजे जे बोललो त्यानेच पत्रा कायमचा झाला.

"पण पाहुण्यांना जे सांगायचं ते बरोबर सांगितलं गेलं पाहिजे, असं ठरलंय. तीन मतं विरोधात गेली. बर्डी रडली. पण ठरलं." त्यांनी मोत्यांशी चाळा केला. "तेव्हा मी विचारायला आले. इमोजीन नक्की काय काय म्हणायची? जसंच्या तसं."

हॉलिस त्यांच्याकडे बघतच राहिला. पानगळीपासून या घरात इतकी माणसं आली, इतकी भांडी आली. तिला किती शांती मिळाली, ती किती बऱ्या ठिकाणी गेली, हे सगळ्यांनी त्याला सांगितलं होतं. ती काय म्हणायची हे अजून कुणी विचारलं नव्हतं.

तो बसला. आधी अडखळत सांगायला लागला, मग भराभर. तव्याचं सांगितलं. 'सोमवारी, हॉलिस' ते सांगितलं. पाद्रीबुवांच्या प्रवचनाबद्दल ती काय म्हणाली होती, जेबीच्या विम्याबद्दल काय, बर्डीचा लोण्याचा केक ती दाराला टेकू म्हणून वापरायला निघाली होती तेही. मिसेस फिट्झह्यूंच्या तोंडावर आधी भयंकर धक्का दिसला, मग त्यांनी ओठ घट्ट मिटले, मग खांदे हलायला लागले, आणि शेवटी त्या रुमालात तोंड घालून अशा हसल्या की मोत्यांची माळ पाठीवर गेली. हॉलिसही हसला. पत्र्याखाली तो इतक्या मोठ्याने पहिल्यांदाच हसत होता, आणि स्वतःच्या हसण्याइतक्याच स्पष्टपणे त्याला इमोजीनचा आवाज ऐकू येत होता, थोडा घोगरा, थोडा घाईतला, साखरेचा कण नसलेला.

मिसेस फिट्झह्यूंनी डोळे पुसले, माळ सरळ केली. मग रस्त्याकडे बघत, सहज विचारल्यासारखं म्हणाल्या,

"हॉलिस, माझ्याबद्दल कधी काही म्हणाली होती का रे ती?"

हॉलिसने टोपी गुडघ्यावर ठेवली.

"बाई," तो म्हणाला, "आधी जरा मागे टेकून नीट बसा."